आयरिश आणि नॉर्स (म्हणजे आइसलँड-स्कँडिनेव्हियाकडच्या) वीरकथांचं एकमेकांशी काही नातं आहे का? महाभारतासारखं एखादं महाकाव्य तिकडे आहे का, आणि वाचायला कुठून सुरुवात करावी?

महाकाव्याचं आधी सांगतो, कारण ते उत्तर छोटं आहे: नाही. आयर्लंडच्या जुन्या वीरकथा तर मुळात पद्यात नाहीतच. गोष्ट गद्यात चालते आणि कुणाला भरून आलं किंवा कुणी कुणाला ललकारलं की मध्येच पद्य सुरू होतं, आपल्या संगीत नाटकात पद यावं तसं. आइसलँडकडे काव्यं आहेत, पण सुटी सुटी. त्यातली बहुतेक एकाच हस्तलिखितामुळे वाचली. ते साधारण १२७० च्या दशकातलं, आज ४५ पानांचं. मधली आठ पानं गहाळ आहेत, आणि गहाळ झाली तीही नेमकी सिगुर्ड या सगळ्यात मोठ्या वीराच्या कथेतली.

आयर्लंडमध्ये महाकाव्याच्या जवळ जाणारी कथा एकच, ‘टान बो कूलन्या’, म्हणजे कूलीची गुरं पळवल्याची कथा. सुरुवात अंथरुणातल्या भांडणाने होते. कॉनॉख्ट या आयरिश राज्याची राणी मेव्ह आणि तिचा नवरा अलिल, लग्नाआधी कोणाकडे जास्त होतं यावर हमरीतुमरीवर येतात. भांडी, दागिने, मेंढरं, घोडे, डुकरं सगळं मोजून होतं. सगळं बरोबरीत, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा वळू जास्त. तो जन्मला मेव्हच्याच कळपात, पण ‘बाईच्या मालकीत राहणार नाही’ म्हणून अलिलच्या कळपात निघून गेलेला! मग त्याच्या तोडीचा वळू आणायला बाईसाहेब शेजारच्या अल्स्टर राज्यावर फौज घेऊन निघतात. अल्स्टरचे पुरुष एका शापामुळे ऐन वेळी बाळंतकळांनी आडवे झालेले, त्यामुळे सीमेवर उभा राहतो तो सतरा वर्षांचा कू खुलिन, एकटा.

वाचताना विराटपर्वातलं गोहरण आठवतंच. आपल्याकडच्या कित्येक वीरगळांवरही गुरं सोडवताना मेलेले वीर कोरलेले आहेत. गुरं हीच जिथे दौलत, तिथे युद्धाचं कारण दुसरं काय असणार?

सुरुवात करायची तर याच कथेतल्या नदीच्या उतारावरच्या, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागेवरच्या, द्वंद्वापासून करा. मेव्ह कू खुलिनसमोर फेर्डियाला उभं करते. दोघे एकाच गुरूकडे शिकलेले, सख्ख्या भावांसारखे. दिवसभर एकमेकांना भोसकतात. संध्याकाळी कू खुलिन आपल्या जखमांवरच्या औषधी वनस्पतींतला निम्मा वाटा पलीकडे पाठवतो, फेर्डिया आपल्या जेवणातला. घोडे एकाच कुंपणात, सारथी एकाच शेकोटीला. चौथ्या दिवशी कू खुलिन पायाने फेकायचं ते काटेरी शस्त्र काढतो आणि मित्राला मारतो. मग त्याचं प्रेत उचलून उताराच्या उत्तरेला नेतो; फेर्डियाला नदी ओलांडायची होती ना, निदान मेल्यावर तरी ओलांडून होऊ दे. आजच्या लाउथ परगण्यातलं आर्डी हे गाव म्हणजेच ‘फेर्डियाचा उतार’.

बाराव्या शतकात ही कथा उतरवून काढणाऱ्याने शेवटी दोन टिपा जोडल्यात. आयरिश भाषेत लिहिलंय की जो ही कथा जशीच्या तशी पाठ करेल त्याला आशीर्वाद. लगेच खाली लॅटिनमध्ये: माझा यावर विश्वास नाही, यातलं काही सैतानाची फसवणूक, काही कवींची कल्पना आणि काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. एवढं सगळं हाताने लिहून झाल्यावर हे! मला हा माणूस फार आवडतो.

आता नात्याबद्दल. माझ्या मते ते अंगठ्यात सापडतं. सिगुर्ड फाफ्निर नावाच्या सर्पाला मारतो आणि आपल्याला वाढवणाऱ्या रेगिन या लोहाराच्या सांगण्यावरून त्याचं काळीज विस्तवावर भाजत बसतो. शिजलं का ते बघायला बोट लावतो, चटका बसतो, बोट तोंडात जातं आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. पक्षी सांगतात, रेगिन तुझा घात करणार. सिगुर्ड रेगिनचं डोकं उडवतो. आयर्लंडमध्ये पोरसवदा फिन, तिथला दुसरा मोठा वीर, बॉइन नदीकाठी गुरूसाठी मासा भाजतोय. गुरूने सात वर्षं वाट बघून पकडलेला, ज्ञान देणारा सामन मासा. फिनचा अंगठा भाजतो, तोंडात जातो, आणि ज्ञान गुरूऐवजी पोराला मिळतं.

कोणी कोणाकडून घेतलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण भेटीगाठी नक्की होत्या. व्हायकिंगांनी ८४१ मध्ये डब्लिनला तळ ठोकला. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर तर ख्रिस्ती क्रुसांच्या दगडांवर अंगठा चोखणारा सिगुर्ड कोरलेला आहे. तिथल्या क्रुसांवरचे लेख नॉर्स भाषेत, रून लिपीत, आणि त्यातली कितीतरी नावं गेलिक, म्हणजे आयरिश वळणाची. एकावर लिहिलंय, वाईट पोटच्या मुलापेक्षा दुसऱ्याचा सांभाळलेला चांगला मुलगा मागे राहिलेला बरा. ज्या समाजात मुलं दुसऱ्याच्या घरी वाढायला ठेवत, तिथलंच हे वाक्य.

सागांमध्येही, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांमध्येही, आयर्लंड डोकावतं. लाक्सडेला सागेत होस्कुल्ड नावाचा आइसलँडचा एक बडा माणूस एक मुकी दासी विकत आणतो. पुढे एका सकाळी ओढ्याकाठी ती आपल्या लहानग्याशी बोलताना त्याला ऐकू येते. ती मुकी नव्हतीच. आयरिश राजाची मुलगी, मेलकोर्का. तिच्या नातवाचं नाव क्यार्टन, तेही आयरिशच.

तर आधी उतारावरचं द्वंद्व, मग फाफ्निरचा भाग, मग लाक्सडेला. आणि नावांना घाबरू नका. ‘मेव्ह’च्या जुन्या स्पेलिंगमध्ये शेवटी डी आणि बी येतात, मी वर्षभर तिला बिनधास्त ‘मेडब’ म्हणत होतो.