फ्रीरेन बघू का, असं विचारलंस म्हणून

ख्रिस्तात प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न दिसला, दुसऱ्यांदा त्यामागची धास्ती. फ्रीरेन ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघताना तुला रडू येतं, आणि डोळे पुसल्यावर वाटतं, आपण प्रभूशी बेइमानी तर करत नाही ना? तरुण संघातलं कुणी म्हणालं, त्यात देवी आहे, मंत्र आहेत, सैतान आहेत, तेव्हा सोडून दे. तू सोडायला तयार आहेस, फक्त का सोडायचं ते कळू दे, एवढंच तुझं म्हणणं. रास्त आहे.

आधी माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी रविवारच्या शाळेतला एक मुलगा चित्रांची वही घेऊन माझ्याकडे आला होता. पानभर आकाश, आणि त्यात उसळलेला क्रूसाच्या आकाराचा स्फोट. ज्वाळांच्या कडा त्याने पेन्सिलीने इतक्या घोटल्या होत्या की कागद मागून उमटला होता. इव्हँजेलियन या १९९५ सालच्या जपानी मालिकेतलं दृश्य होतं ते. मी चित्र धड पाहिलंही नाही. देवदूतांना अक्राळविक्राळ करून दाखवणारी मालिका तू बघतोसच कशी, म्हणून सुनावलं. त्याने वही मिटली. पुढे त्याने मला चित्र दाखवलं नाही, आणि मनातलंही काही सांगितलं नाही. फार उशिरा मी ती मालिका बघितली. बापाने टाकलेला आणि गरज पडल्यावरच बोलावून घेतलेला एक मुलगा त्यात आहे. ‘तुला यातलं काय आवडतं रे?’ एवढं मी तेव्हा विचारायला हवं होतं. ती रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून तुला इतकं सविस्तर लिहिते आहे.

त्या मालिकेचे सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर उघडच सांगितलं की ख्रिस्ती चिन्हं घेतली ती दिसायला वेगळी आणि आकर्षक म्हणून. त्यामागे ख्रिस्ती अर्थ नव्हता. म्हणजे मी ज्याला हल्ला समजले, ती सजावट होती. आपला क्रूस कुणी सजावटीला वापरला की मनाला लागतं, मलाही लागतं. पण लागणं वेगळं आणि आपल्यावर चाल करून आलेत असं समजणं वेगळं.

जपानमध्ये या चिन्हाने काय काय पाहिलंय, तेही ठाऊक असू दे. धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरले. देवासाठी शब्द शोधताना त्यांनी आधी ‘दाइनिची’ हे नाव वापरलं. ते एका बुद्धाचं नाव आहे हे कळल्यावर ते सोडून त्यांनी लॅटिन ‘देउस’ धरला. १५९७ मध्ये नागासाकीला २६ ख्रिस्ती जणांना क्रूसावर चढवून मारलं. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावून ख्रिस्ती कोण ते हुडकून काढायचे. लपून राहिलेल्या काही कुटुंबांनी १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये येऊन धर्मगुरूंना आपली ओळख दिली, तोवर अडीचशे वर्षं उलटली होती. आज तिथे शंभरात जेमतेम एक जण ख्रिस्ती आहे. ज्याने ना उपासना पाहिली ना शुभवर्तमान ऐकलं, त्या चित्रकाराच्या हाती क्रूस येतो तो दूरदेशीची नक्षी म्हणून. त्याच्यावर रागावण्याआधी त्या २६ जणांची आठवण कर. मग रागाची जागा प्रार्थना घेते, निदान माझं तसं झालं.

भाषांतरानेही घोळ होतो. ‘कामी’ म्हणजे जपानच्या शिंतो परंपरेतल्या असंख्य दैवतांपैकी एखादं, आणि जपानी ख्रिस्ती लोक आपल्या देवालाही तोच शब्द वापरतात. फ्रीरेनचा जुना सोबती हायटर तुला पाद्री वाटतो, कारण झगा तसा आहे. पण मूळ जपानीत त्याच्यासाठी ‘सोर्यो’ हा शब्द आहे आणि तो बौद्ध भिक्षूंसाठीचा. पोशाख युरोपचा, शब्द बौद्ध मठातला, देवी लेखकाच्या कल्पनेतली. ही आपल्या मंडळीची नक्कल नव्हे आणि विटंबनाही नव्हे.

मग बघायला हरकत नाही का? थांब, खरं तोलायचं ते पुढेच आहे.

मूर्ती, मंत्र, शिंगं मोजून मालिका पारखता येत नाही. मालिकेची नायिका, दीर्घायुषी जादूगारीण फ्रीरेन, आवडीने गोळा करते ते मंत्र फुलांचं शेत उमलवण्यासारखे असतात. त्यातून कुणी भूतविद्येकडे वळेल असं मला वाटत नाही. पण ती चालली आहे कुठे, हे तुझ्या लक्षात आलं का? ऑरिओलला. जिथे मेलेल्यांचे आत्मे विसावतात तिथे, आपल्या मेलेल्या साथीदाराशी, हिमेलशी बोलायला. दहा वर्षं सोबत हिंडलेल्या माणसाच्या दफनाच्या वेळी तिला उमगतं की माणसाचं आयुष्य थोडं असतं हे ठाऊक असूनही आपण त्याला जाणून घेतलं नाही. त्या रडण्यात खोट नाही, आणि तुझ्याही रडण्यात नाही. प्रभूही लाजराच्या कबरेपाशी रडला. पण मृताशी बोलायला निघणं हे आपल्याला निषिद्ध आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात ते स्पष्ट आहे, आणि १ शमुवेल २८ मध्ये शौल राजा रात्री वेष पालटून मृतांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे गेला तो कसा कोसळला तेही आहे. शौलाचं हे पान वाच आणि मग फ्रीरेनचा प्रवास बघ. दोघांचं दुःख ओळखीचं वाटेल. मात्र दोघांपैकी एकाच्याही वाटेने जायचं नाही, हेही कळेल.

दुसरी जागा आणखी नाजूक आहे. हायटर म्हणतो की स्वर्ग आहे असं मानणं सोयीचं आहे. आयुष्यभर झटलेल्यांचा शेवट शून्यात व्हावा हे त्याला सोसत नाही. ऐकायला किती गोड! मीही मान डोलावली होती. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय उघडला. पौल सोयीचं नावही काढत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास फोल आहे, आणि सगळ्या माणसांत आपण अधिक कीव करण्याजोगे आहोत, असं तो सरळ म्हणतो. हायटरची आशा माणसाच्या गरजेवर उभी आहे, आपली रिकाम्या कबरेवर. हा फरक तुला न अडखळता सांगता येत असेल तर तू ही मालिका डोळे उघडे ठेवून बघते आहेस. सांगता येत नसेल, आणि हायटरचंच वाक्य प्रार्थनेत तोंडी यायला लागलं असेल, तर थोडे दिवस थांब आणि आधी तो अध्याय पूर्ण वाच.

फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड या दुसऱ्या जपानी मालिकेबद्दलही विचारलंयस. सुरुवातीलाच ढोंगी पुरोहित येतो, म्हणून ती धर्मविरोधी? यहेज्केलाचा ३४वा अध्याय काढ. स्वतःचीच पोटं भरणाऱ्या मेंढपाळांवर त्याच्याइतके कोरडे कुणी ओढले नसतील. लेटो या सूर्यदेवाच्या नावाने तो पुरोहित कॉर्नेलो एका मुलीला तिचा मेलेला प्रियकर परत आणण्याचं आमिष दाखवतो. ते ढोंग उघडं पडलं तर आपल्याला राग कशाला यावा? मला तिथे अडतं ते दुसऱ्याच गोष्टीशी. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यायचं, हा त्या जगाचा कायदा आहे. शेवटाकडे मालिकेचे नायक असलेले दोघे भाऊ त्याच्या पलीकडे जातात, दहा घेतले तर स्वतःचा एक घालून अकरा परत करायचे म्हणतात. मन मोठं आहे त्यांचं. तरीही तो हिशेबच राहतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे रोमकरांस पत्रातलं वाक्य त्या वहीत मांडायला रकानाच नाही. ६४ भाग बघून कृपा म्हणजे काय हे आधीपेक्षा जास्त कळलं, असं एका मुलीने मला सांगितलं होतं. तिला ती तिथे सापडली नव्हती, तिथे ती नाही हे सापडलं होतं.

आता जे कुणी विचारत नाही ते विचारते. क्रूस दिसला की आपण दचकतो. पण शाळकरी मुलींची शरीरं निलाजरेपणाने न्याहाळणाऱ्या मालिका आपल्यातलीच मुलं बघतात आणि त्यावर संघात चकार शब्द निघत नाही. माझ्या दृष्टीने ते कुठल्याही काल्पनिक देवीपेक्षा वाईट. तिथे तोलत बसू नकोस, बंद कर.

तुला सोडून दे म्हणणाऱ्याला संकुचित ठरवू नकोस. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबद्दल पौलाने लिहिलं तेव्हा त्याला मूर्तीची भीती नव्हती, भावाच्या विवेकाची काळजी होती. कदाचित तो मित्र तंत्रमंत्राच्या कचाट्यातून बाहेर आलेला असेल आणि मालिकेतलं जादूचं मंडल बघून त्याच्या अंगावर काटा येत असेल. त्याच्यासमोर लावू नकोस, त्याला चिडवू नकोस. आणि त्याच्या धाकाने खोटंही बोलू नकोस. दानीएल बाबेलच्या खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकला, पण राजाच्या ताटातलं त्याने नाकारलं. रेघ कुठे ओढायची हे त्याने मनाशी आधीच ठरवलं होतं. तुझी रेघ तुझ्या मैत्रिणीच्या रेघेपेक्षा अलीकडे असू शकते. मनात शंका असताना केवळ सगळे बघतात म्हणून बघितलंस, तर रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय तुलाही लागू होतो.

मी स्वतः एक पाळते. भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होऊ देत नाही. स्क्रीन बंद करते आणि दोन मिनिटं तशीच बसते. प्रार्थना सहज येते की ओढून आणावी लागते, ते तेवढ्यात कळतं. हिमेलच्या दफनानंतर मला माझ्या थोरल्या बहिणीला फोन करावासा वाटला होता आणि मी केला. दुसऱ्या एका मालिकेनंतर, तिचं नाव नको, रात्रभर मन कडू राहिलं. ती मी तिसऱ्या भागावर सोडली.

फ्रीरेनमधली अनाथ मुलगी फर्न लहान असताना कड्याच्या टोकाशी उभी असते आणि हायटर तिच्याशी बोलतो, तो प्रसंग तू अजून एकदा बघ. जीव देऊ नकोस हे तो तिला कशाच्या आधारावर सांगतो, ते कागदावर उतरव. त्याच्या जागी तू असतीस तर काय म्हणाली असतीस, तेही खाली लिही. भेटशील तेव्हा तो कागद आण, मीही माझा आणते.

तुझी,
मावशी