कॅम मोठा, कॉम्प्रेशन तेवढंच

प्रश्न : दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन नव्याने बांधलं. बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल) ८६ × ८६, रॉड १४३ मिमी. पिस्टन, हेड मूळचंच, कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र २५० अंशांऐवजी २९० अंशांचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, टाकला. साडेचार हजारांनंतर गाडी सुसाट सुटते, त्याखाली जीवच नाही. आयडलिंगला इंजिन थरथरतं. कॉम्प्रेशन गेज पूर्वी १७५ पीएसआय दाखवायचं, आता चारही सिलिंडरना १४५. पिस्टनच्या रिंगा नीट बसल्या नसतील का? गाडी रोजच्या वापराची आहे, ट्रॅकवर क्वचित नेतो.

उत्तर : रिंगांना हात लावू नका. चारही सिलिंडर सारखेच उतरलेत, हा कॅमचा प्रताप आहे.

पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही वेळ उघडाच असतो. इनटेक सेंटरलाइन (पिस्टन वरच्या टोकावरून निघाल्यावर ज्या अंशाला इनटेक व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडा असतो तो) १०५ धरली, तर जुन्या कॅमवर तो तळानंतर ५० अंशांनी मिटायचा, नव्यावर ७० अंशांनी. तोवर पिस्टन २२ मिमीहून जास्त वर आलेला असतो आणि कमी आरपीएमला घेतलेलं मिश्रण मॅनिफोल्डमध्ये परत ढकलत असतो. खरी दाब देणारी चाल उरते साडेत्रेसष्ट मिमी. त्यावर हिशेब केला तर तुमचा ९ चा रेशो प्रत्यक्षात ६.९ भरतो. जुन्या कॅमवर तोच ७.९ होता. वरच्या आरपीएमला आत येणाऱ्या हवेचा वेगच सिलिंडर भरत राहतो, म्हणून तिथे गाडी पळते. थरथर ओव्हरलॅपची (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही वेळ एकदमच उघडे राहतात त्याची), ती या कॅमबरोबर राहणारच.

हा कॅम ठेवायचा तर रेशो साडेदहावर न्यावा लागेल, मग हिशेब पुन्हा ८ वर येतो. त्यासाठी चेंबर (पिस्टन वर असताना त्याच्या डोक्यावर उरणारी जागा) सुमारे ६२.५ सीसीवरून ५२.६ वर आणायचं. दहा सीसी हेड घासून काढायचा विचारही करू नका, तिथे उंच माथ्याचे पिस्टनच हवेत. (साडेदहा रेशोवर जुना कॅम ठेवला असता तर हिशेब ९.२ वर जाऊन साध्या पेट्रोलवर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं) सुरू झालं असतं.)

पण रोजच्या गाडीला एवढा खटाटोप मी करणार नाही. २७० अंशांचा कॅम घ्या. तो ६० अंशांनी मिटतो, आणि रेशो ९.७ केला की तोच ८ चा आकडा हाती येतो. पाचच सीसी कमी करायचे. पातळ गास्केट आणि हेडचं हलकं फेसिंग यांत ते बहुधा जमतं. मात्र चेंबर ब्युरेटने (द्रव मोजायच्या खुणांच्या नळीने) मोजूनच घासा, अंदाजाने नको. लोक कॅम आधी विकत घेतात आणि रेशो मागाहून विचारतात. खरं तर कॅम शेवटी निवडायचा.

कॅमच्या कागदावर १ मिमी लिफ्टला मोजलेले अंश असतील तर या हिशेबात घालू नका. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तो अंश हवा, नाहीतर उत्तर फुगून येतं.

हेड खाली आलं की बेल्टवरचा कॅम थोडा मागे पडतो. म्हणून अॅडजस्टेबल पुली लावा आणि डिग्री व्हीलने (क्रँकवर बसवायच्या अंशांच्या चकतीने) सेंटरलाइन पुन्हा जुळवा. मग व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना हे बघायला पिस्टनवर मऊ मातीचा (मॉडेलिंग क्लेचा) गोळा ठेवून, हेड कसून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. हेड उघडून दबलेली माती कापून मोजा : इनटेककडे दोन मिमी, एक्झॉस्टकडे अडीच मिमीपेक्षा कमी भरली, तर पिस्टनमधले व्हॉल्व्हचे खळगे खोल करून घ्या आणि मगच स्टार्टर मारा.