सासूबाईंची कूस बदलत राहा
ताई, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात म्हणून घाबरू नकोस, पहिले पंधरा दिवसच जड जातात. एअर बेड (हवेची गादी) घेतलास ते छानच केलंस पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, दर 2 तासांनी कूस बदलायचीच, रात्रीचा अलार्म लाव. आंघोळ घालताना माकडहाड नि टाचा रोज बघ, लाल दिसलं तर बोटाने दाब, लाली गेली नाही तर बेडसोअरची (पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समज, तिथे चोळायचं अजिबात नाही, डॉक्टरांना लगेच दाखव. पोटऱ्यांखाली उशी दे म्हणजे टाचा अधांतरी राहतात. इंदूरच्या उन्हाळ्यात घाम फार, चादर ओली राहू देऊ नकोस. त्या सत्तरीपुढच्या आहेत ना, मग 5 लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं सरकारी आयुष्मान कार्ड काढून घे, आणि अडलंच तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. आणि दुपारी तासभर तू झोप गं, खरंच.