वाचकांचे प्रश्न : मालदीवच्या खिंडीतील ड्रिफ्ट डाइव्ह

प्रश्न : माझे साठेक डाइव्ह झाले आहेत, त्यांतले बहुतेक अंदमानात आणि नेत्राणीला. येत्या फेब्रुवारीत मी मालदीवमधील वावू अॅटॉलला, म्हणजे प्रवाळबेटांच्या एका वर्तुळाकार समूहाला, जात आहे. तिथल्या खिंडींमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या रांगेतील मोकळ्या वाटांमध्ये, प्रवाह जोरदार असतो असे ऐकले आहे. पोहण्यात माझा दम चांगला आहे. तेवढ्यावर निभावेल का? आणि गटापासून वेगळा पडलो तर काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ड्रिफ्ट डाइव्हमध्ये, म्हणजे प्रवाहासोबत वाहत जाऊन करायच्या डाइव्हमध्ये, नुसत्या दमावर निभावणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. एक नॉट वेगाचा प्रवाह म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. ऐकायला हे किरकोळ वाटते, परंतु पाठीवर सिलिंडर घेऊन त्याच्याविरुद्ध फार वेळ पोहणे कसलेल्या डाइव्हरलाही जमत नाही, आणि एकदा धाप लागली की हवा भराभर संपते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्यामुळे ८० लिटर लागते. २०० बार दाबाने भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २४०० लिटर हवा असते, म्हणजे शांत राहिलात तरी ती जेमतेम अर्धा तास पुरेल. झगडत राहिलात तर त्याच्या निम्मा वेळही मिळणार नाही, आणि वर येण्यासाठी राखून ठेवायची हवा याच हिशेबातून काढायची आहे. मालदीवमध्ये हौशी डाइव्हरना ३० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे. ती काटेकोरपणे पाळावी.

तुम्ही निवडलेला महिना उत्तम आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात वावूच्या पूर्वेकडील खिंडींतून, ज्यांना धिवेही भाषेत ‘कंडू’ म्हणतात, समुद्राचे स्वच्छ पाणी बहुधा आत शिरते, आणि खिंडीच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ स्थिर तरंगत असतात. तिथल्या ‘मियारू कंडू’च्या नावातील मियारू म्हणजे शार्कच. मालदीवने २०१० साली शार्कच्या मासेमारीवर देशभर बंदी घातली, आणि हे दृश्य आज आपल्याला पाहता येते त्याचे मोठे श्रेय मी त्या निर्णयाला देतो. प्रवाह बाहेर वाहत असेल, तर मात्र पाणी गढूळ असते आणि तुम्ही खुल्या समुद्राकडे ढकलले जाता. अशा वेळी गाइडने बेत बदलला तर हट्ट धरू नये.

अशा ठिकाणी बीसीडी, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट, पूर्ण रिकामे करून उडी मारतात आणि पृष्ठभागावर न रेंगाळता थेट खाली जातात, कारण तिथे घालवलेल्या एका मिनिटात तुम्ही खिंडीचे तोंड ओलांडून पुढे गेलेले असता. कान मोकळे होत नसतील तर तसा इशारा करून बडीसह, म्हणजे आपल्या डाइव्हमधील जोडीदारासह, वर यावे. मागे राहून गटाला गाठण्याचा प्रयत्न करू नये. खाली पोहोचल्यावर कड्याला लगटून राहा, कारण खडकाच्या आडोशाला प्रवाह मंदावतो. रीफ हुक, म्हणजे प्रवाहात जागी राहण्यासाठी खडकात अडकवायचा दोरीचा आकडा, वापरायचा असेल तर तो मृत खडकातच अडकवावा, जिवंत प्रवाळात कधीही नाही.

प्रवाळावरचे छोटे नारिंगी अँथियास मासे जरूर न्याहाळा. ते मोकळेपणाने वर पसरलेले असतील तर प्रवाह सौम्य आहे. सगळे एकाच दिशेला तोंड करून खडकाला चिकटले असतील तर पुढच्या वळणावर जोर वाढणार. आपल्या उच्छ्वासाचे बुडबुडे वर न जाता गिरक्या घेऊ लागले किंवा खाली खेचले गेले, तर तो खाली ओढणारा प्रवाह होय. तिथे कड्याचा आधार घ्यावा, किंवा कड्यापासून आडवे दूर पोहून त्यातून बाहेर पडावे.

गट दिसेनासा झाला तर एक मिनिट चहूकडे पाहावे आणि मग सावकाश वर निघावे. वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा अधिक नसावा. सुरक्षिततेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आहे, परंतु सिग्नलचा फुगा, म्हणजे एसएमबी, त्याआधीच वर सोडावा, कारण या तीन मिनिटांतही तुम्ही वाहतच असता आणि धोनीवरील, म्हणजे डाइव्हरना नेणाऱ्या मालदीवी बोटीवरील, माणसांना तुमची दिशा कळायला हवी. वर आल्यावर फुगा उभा धरून शिट्टी वाजवावी आणि धोनीची वाट पाहावी.

हा फुगा अनेकांच्या खिशात वर्षानुवर्षे घडी घालून पडलेला असतो. तुम्ही जाण्यापूर्वी प्रशिक्षकासोबत ५ मीटरवर अधांतरी राहून तो निदान दहा वेळा सोडून पाहा. दोरी अंगापासून दूर धरा, फुग्यात थोडीच हवा भरा, दोरीचे रीळ हातात मोकळे फिरू द्या. आणि ते अडकले तर ताबडतोब सोडून द्या.