प्रसिद्ध पेशंटचं नाव लपवायला डॉक्टर दुसऱ्याच्या नावाने औषधं लिहून देऊ शकतात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या एका नावाजलेल्या कलाकारासाठी झोपेच्या गोळ्या ड्रायव्हरच्या नावाने लिहून मागितल्या आणि डॉक्टरांनी नकार दिला. माझ्या मते डॉक्टरांनी योग्यच केलं.

औषध नियम १९४५ मधल्या नियम ६५(१०) नुसार प्रिस्क्रिप्शनवर ज्याला औषध घ्यायचंय त्याचंच नाव आणि पत्ता लागतो. सोबत डोस, एकूण नग, सही, तारीख. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम ही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेली औषधं. त्यांच्यासाठी केमिस्ट वेगळं रजिस्टर ठेवतो, पेशंटच्या नावासकट, तीन वर्षं. तिथे ड्रायव्हरचं नाव लागलं की झोपेच्या गोळ्या कागदोपत्री तोच खातोय.

त्याहून मोठा धोका उपचारातला आहे. पेशंटला रात्री इमर्जन्सीत आणलं आणि त्याच्या फाईलवर या गोळ्यांचा उल्लेखच नसला, तर ड्युटीवरचा डॉक्टर वर मिडाझोलाम (गुंगीचं औषध) किंवा ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) देऊ शकतो आणि श्वास मंदावतो. अमेरिकेत ॲना निकोल स्मिथ २००७ साली झोपेचं औषध आणि इतर शामक औषधं एकत्र पोटात गेल्याने वारली. तिच्यासाठी खोट्या नावांनी प्रिस्क्रिप्शन लिहिल्याबद्दल पुढे खटला चालला. बचाव हाच होता, गोपनीयतेचा.

मग ओळख जपायची कशी? बऱ्याच कलाकारांचं आधार कार्डावरचं नाव लोकांना ठाऊकच नसतं. तेच लिहा. ते खरं आहे आणि काउंटरवर कुणी वळून बघत नाही. निदान लिहिण्याची सक्ती या नियमात नाही, ते केस पेपरवर ठेवा. औषध आणायला ड्रायव्हर खुशाल जाऊ दे, पण पेठेतल्या रोजच्या ओळखीच्या दुकानात नको, पिंपरी-चिंचवडला पाठवा. गोळ्या एका वेळी सात दिवसांच्याच, आणि पुढच्या खेपेआधी डॉक्टरांनी स्वतः पेशंटशी बोलायचं, मॅनेजरशी नाही. मोठ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, आणि डोस नेमका तिथेच वाढत जातो. प्रिस्क्रिप्शनचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. बातमी बहुतेक वेळा तिथूनच फुटते.

ॲडमिट व्हायचं असेल तर वॉर्डच्या बोर्डावर आणि दारावर फक्त नंबर लावायला सांगा. हातातल्या पट्टीवर, रक्ताच्या नमुन्यावर मात्र खरं नाव आणि हॉस्पिटलचा नंबरच हवा. क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळवून बघण्याच्या तपासणीला, तिथे घोळ झाला तर चुकीचं रक्त चढतं. कॅशलेस क्लेमही नाव जुळलं नाही की अडतो. कॉम्प्युटरवरची फाईल ठरावीक लोकांनाच उघडेल आणि कुणी उघडली याची नोंद राहील, एवढं प्रशासनाकडून लेखी घ्या.

तरीही डॉक्टरकडूनच माहिती बाहेर गेली, तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतल्या कलम ७.१४ खाली महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. कोर्टाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार एवढेच त्याला अपवाद आहेत. पत्रकाराचा फोन त्यात येत नाही.