ब्रिटनच्या विद्यापीठात मधल्या फळीत रुजू होताना: पाठीशी कोण असतं आणि ते कसं मिळवायचं

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडून घेतो. तुम्ही अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापक. वय पंचेचाळीसच्या आसपास, पीएच.डी. कधीच झालेली, आणि हातात इंग्लंडमधल्या एका 'पोस्ट-92' विद्यापीठाची सीनियर लेक्चररची ऑफर. पगार, घरभाडं, मुलांची शाळा हे सगळं बघून ठेवलंय. काळजी वेगळीच आहे: "इथे अडलं-नडलं तर प्राचार्य आहेत, एमफुक्टोची (प्राध्यापक संघटनांच्या महासंघाची) माणसं आहेत, जुने सहकारी आहेत. तिथे या वयात नवीन म्हणून गेल्यावर माझं कोण?"

आधार आहे, आणि चांगला आहे. पण तो एका जागी मिळत नाही, आणि मधल्या फळीतल्या माणसाकडे तो आपणहून चालत येत नाही. नुकत्याच पीएच.डी. झालेल्या लेक्चररला प्रशिक्षण, मेंटॉर, कमी तास असं सगळं ठरलेलं मिळतं. डीनच्या वाटेवर असलेल्यांना नेतृत्वाचे कार्यक्रम मिळतात. मधल्यांबद्दल 'यांना सगळं येतं' असं गृहीत धरलेलं असतं. तुम्ही अनुभवी आहात आणि त्याच वेळी पूर्ण नव्याही आहात, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून जे हवं ते मागायचं, लेखी मागायचं, आणि शक्यतो करारावर सही करण्याआधी मागायचं.

पहिल्यांदा पद समजून घ्या. 1992 च्या कायद्याने जी पॉलिटेक्निकं विद्यापीठं झाली त्यांना पोस्ट-92 म्हणतात. तिथली सीनियर लेक्चरर ही नेहमीची श्रेणी आहे, जुन्या विद्यापीठातल्या लेक्चररच्या जवळपासची. जुन्या विद्यापीठात मात्र सीनियर लेक्चरर म्हणजे एक पायरी वर. त्यामुळे पदाच्या नावावरून 'आपण वर चाललो की खाली' याचा हिशोब करू नका, ग्रेड आणि पगाराचा पॉइंट विचारा. बहुतेक विद्यापीठं राष्ट्रीय पातळीवर ठरलेली एकच पगारशिडी वापरतात. ग्रेडच्या आत दरवर्षी, सहसा 1 ऑगस्टला, एक पायरी वाढते. सुरुवातीचा पॉइंट मात्र बोलून ठरवता येतो, आणि ते फक्त ऑफर स्वीकारण्यापूर्वी. भारतातली सेवा मोजून वरचा पॉइंट द्या, असं ईमेलने मागा. एकदा सही झाली की तो सहसा बदलत नाही.

त्याच ईमेलमध्ये 'वर्कलोड'चा विषय काढा. पोस्ट-92 च्या राष्ट्रीय करारात वर्गातल्या शिकवण्याची कमाल मर्यादा वर्षाला 550 तास आणि आठवड्याला 18 तास अशी आहे. ही मर्यादा आहे, तेवढं शिकवलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक कामाला, म्हणजे तास, तपासणी, प्रोजेक्टचं मार्गदर्शन, समित्या यांना, वर्कलोड मॉडेलमध्ये तास दिलेले असतात. तीन गोष्टी विचारा: पहिल्या वर्षी शिकवण्याचे तास किती कमी होतील, मेंटॉर कोण असेल, आणि मेंटॉरला त्या कामाचे तास मिळणार आहेत का. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. ज्याला तास मिळालेले नाहीत तो मेंटॉर कितीही भला असला तरी ऑक्टोबरनंतर सापडत नाही, कारण सत्र सुरू झालेलं असतं. आणखी एक घोळ नेहमी होतो. विभागप्रमुख तोंडी कबूल करतात, वर्षभरात विभागप्रमुख बदलतात, आणि नव्या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. तेव्हा प्रत्येक बोलण्यानंतर चार ओळींचा ईमेल पाठवा: 'आज आपलं असं असं ठरलं, चुकलं असेल तर कळवा.' इथे ब्रिटनमध्ये याला कोणी अविश्वास समजत नाही. हीच इथली रीत आहे.

आता फेलोशिप, कारण तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. अ‍ॅडव्हान्स एचई ही संस्था उच्च शिक्षणात शिकवणाऱ्यांना चार पातळ्यांची मान्यता देते: असोसिएट फेलो, फेलो, सीनियर फेलो आणि प्रिन्सिपल फेलो. नव्या माणसाला प्रोबेशनमध्ये सहसा पीजीसर्ट नावाचा अध्यापनाचा अभ्यासक्रम करावा लागतो. अनुभवी माणसाने फेलोशिप अनुभवाच्या बळावर मिळवली तर अनेक विद्यापीठं पीजीसर्ट माफ करतात. अर्ज भारतातूनही करता येतो, आणि तुमचं भारतातलं शिकवणं पुरावा म्हणून चालतं. विद्यापीठाची स्वतःची मान्यताप्राप्त योजना असेल तर तिथे रुजू झाल्यावर बहुधा वेगळी फी पडत नाही, म्हणून आधी एचआरला विचारा आणि मग ठरवा.

अर्जाला दोन सहकाऱ्यांची पाठिंब्याची पत्रं लागतात. त्यातलं एक तरी आधीच फेलो असलेल्याचं असावं. अर्ज 2023 च्या व्यावसायिक मानकांवर तपासला जातो. त्यात पाच मूल्यं, पाच प्रकारचं ज्ञान आणि पाच कार्यक्षेत्रं आहेत. आपल्याकडचे अर्ज अडकतात ते पदांच्या यादीमुळे. समजा तुम्ही लिहिलंत: 'मी नॅक समितीची समन्वयक आणि परीक्षा विभागाची सदस्य होते.' परीक्षकाला यातून काहीच कळत नाही. तेच असं लिहा: 'प्रात्यक्षिकाच्या वह्या सत्राच्या शेवटी एकदम तपासल्या जात, त्यामुळे विद्यार्थ्यांना चूक सुधारायला वेळच मिळत नसे. मी विभागातल्या शिक्षकांसोबत दर पंधरवड्याला तपासणी सुरू केली, शेऱ्यांसाठी एक तक्ता तयार केला, आणि पुढच्या वर्षीच्या वह्यांत त्याच चुका किती राहिल्या ते पडताळलं.' काय केलं, का केलं, परिणाम काय झाला आणि तो कशावरून कळला, हे चारही यायला हवं. इतरांच्या शिकवण्यावर तुमचा प्रभाव पडला असेल, तर सरळ सीनियर फेलोचा विचार करा. त्यात दोन सविस्तर केस स्टडी द्याव्या लागतात, आणि अभ्यासमंडळावरचं काम तिथे चपखल बसतं.

बढतीचा हिशोबही वेगळा आहे. आपल्याकडच्या कॅस या बढती योजनेत ठरावीक वर्षं, उजळणी वर्ग आणि गुण भरले की फाइल पुढे सरकते. इथे वर्षातून एकदा बढतीची फेरी निघते, अर्ज स्वतः करायचा असतो, आणि वर्षं भरली हे कारण चालत नाही. अध्यापनाच्या वाटेने असोसिएट प्रोफेसर होण्याचे निकष लेखी असतात. रुजू होतानाच ते मागून घ्या आणि वार्षिक अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या आढाव्याच्या बैठकीत, एकेक निकष समोर ठेवून बोला.

विद्यापीठाबाहेरची माणसं जोडण्याचा उत्तम रस्ता म्हणजे 'एक्स्टर्नल एक्झामिनर' होणं. आपल्याकडचा बहिःस्थ परीक्षक प्रात्यक्षिकाला येतो, तोंडी घेतो आणि जातो. इथला एक्स्टर्नल दुसऱ्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमावर साधारण चार वर्षं नेमलेला असतो. तो तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे नमुने बघतो, परीक्षा मंडळात बसतो, वार्षिक अहवाल लिहितो. मानधन फार नाही, पण दुसरा विभाग आतून कसा चालतो ते दिसतं आणि तिथली माणसं कायमची ओळखीची होतात. यासाठी मधल्या अनुभवाचीच माणसं लागतात. पहिली दोन वर्षं इथली पद्धत शिका, अ‍ॅडव्हान्स एचईचा त्यासाठीचा कोर्स करा आणि मग विभागप्रमुखांना नाव सुचवायला सांगा. स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या प्रायोजकत्वावर मिळणाऱ्या व्हिसावर, असाल तर हे बाहेरचं काम पूरक नोकरीच्या नियमात बसतं का, हे आधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाकडून लेखी घ्या.

विषयाची संस्था तर हवीच. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचे भारतातही विभाग आहेत, म्हणजे सदस्यत्व तिथूनच घेऊन इथल्या स्थानिक विभागाशी जोडून घेता येतं. सदस्यांना आर्थिक किंवा मानसिक अडचणीत मदत करणारा तिचा स्वतंत्र निधीही आहे. संशोधनाच्या अनुदानाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. नावाजलेल्या बऱ्याच योजना तरुणांसाठी असतात. उदाहरणार्थ, रॉयल सोसायटीची युनिव्हर्सिटी रिसर्च फेलोशिप पीएच.डी.नंतर 3 ते 8 वर्षांचा संशोधनाचा अनुभव असलेल्यांसाठी आहे. तुम्ही लीव्हरह्यूम ट्रस्टची रिसर्च फेलोशिप बघा. ती अनुभवी संशोधकांसाठीच आहे आणि त्या काळात शिकवण्यातून मोकळीक मिळते. महिलांसाठी अ‍ॅडव्हान्स एचईचा 'ऑरोरा' हा नेतृत्वाचा कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यात नाव विद्यापीठ देतं आणि जागा मोजक्या असतात, म्हणून अप्रेझलमध्येच ते मागून ठेवा.

आता युनियन. शिकवणाऱ्यांची मुख्य युनियन यूसीयू. कार्यालयीन आणि तांत्रिक कर्मचारी बहुधा युनिसन किंवा युनाइटमध्ये असतात. आपल्या लोकांत एक भीती पक्की बसलेली आहे की व्हिसावर असताना युनियनमध्ये गेलं की गडबड होते. तसं नाही. सदस्यत्वाचा व्हिसाशी काही संबंध नाही. कायदेशीर संपात भाग घेतल्याने पगार कापला जातो, पण बिनपगारी गैरहजेरीची जी चार आठवड्यांची मर्यादा स्किल्ड वर्करला लागू आहे, तीतून कायदेशीर संपाचे दिवस वगळलेले आहेत. युनियनमध्ये पहिल्याच महिन्यात जा, कारण सदस्य होण्याआधी उद्भवलेल्या प्रकरणात युनियन सहसा वकील देत नाही. आग लागल्यावर विहीर खणायला गेलेले बरेच जण याच ठिकाणी अडकतात.

तक्रारीची किंवा शिस्तभंगाची सुनावणी असेल तर सहकाऱ्याला किंवा युनियनच्या प्रतिनिधीला सोबत नेण्याचा हक्क 1999 च्या कायद्याने दिलेला आहे. 'साधी अनौपचारिक गाठभेट आहे' असा निरोप आला तर विषय काय, कोण कोण असणार आणि इतिवृत्त कोण लिहिणार हे आधी ईमेलने विचारा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं याची नोंद त्याच दिवशी करून ठेवा.

नोकरी गेली तर काय, हे विचारायला लोक कचरतात, पण हल्ली बऱ्याच विद्यापीठांत कपात चालू आहे, त्यामुळे ते माहीत असलंच पाहिजे. एकाच आस्थापनेतून 90 दिवसांत 20 किंवा अधिक जणांना कमी करायचं असेल तर किमान 30 दिवस आणि 100 किंवा अधिक असतील तर किमान 45 दिवस आधी सल्लामसलत सुरू करावी लागते. कायद्याने मिळणारी कपातीची भरपाई दोन वर्षांच्या सेवेनंतरच लागू होते. स्किल्ड वर्करची नोकरी संपली की गृहखातं व्हिसा सहसा 60 दिवसांवर आणतं. तेवढ्यात नवा प्रायोजक शोधायचा किंवा परतायचं. तुमचं प्रकाशित संशोधन भक्कम असेल तर ग्लोबल टॅलेंट व्हिसाचा विचार आत्ताच करा. तो एका नोकरीला बांधलेला नसतो. तुमच्यासारख्या वयात, घर आणि मुलं सोबत असताना, या एका फरकाने झोप लागते किंवा उडते.

मनावर ताण आला तर दारं तीन आहेत. पहिलं, विद्यापीठाची कर्मचारी सहाय्य सेवा: फोनवर, गोपनीय, ठरावीक समुपदेशन सत्रं मोफत. दुसरं, एज्युकेशन सपोर्ट ही धर्मादाय संस्था. तिची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे आणि ती विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांसाठीही आहे. तिसरं, ऑक्युपेशनल हेल्थ, म्हणजे तब्येतीचा कामावर काय परिणाम होतो ते बघणारी सेवा. तिथे सहसा मॅनेजर पाठवतो आणि अहवालही मॅनेजरकडे जातो, म्हणून 'तो आधी मला दाखवा' असं तिथे सांगा. आजारपणाचे पहिले सात दिवस स्वतःच्या सहीवर चालतात, त्यानंतर डॉक्टरांची फिट नोट (आजारपणाचा दाखला) लागते. म्हणून पहिल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, खिडकीवर कोणी अडवलं तर नम्रपणे तसं सांगा.

मराठी मंडळांचं म्हणाल तर लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं आहे आणि इतर शहरांतही मंडळं आहेत. गणपतीला, दिवाळीला जा, माणसं मिळतील. नोकरीतला प्रश्न मात्र तिथे सोडवायला जाऊ नका. आयटीतल्या किंवा हॉस्पिटलमधल्या माणसाचा सल्ला विद्यापीठाच्या नियमांना लागू पडत नाही.

ज्यांनी याच धाग्यात प्रशासकीय नोकऱ्यांबद्दल विचारलं त्यांच्यासाठी: कुलसचिव कार्यालयातल्या कामाच्या लोकांची संघटना एएचईपी (पूर्वीची एयूए), संशोधन अनुदानं सांभाळणाऱ्यांची आर्मा, विद्यार्थी सेवांची अमोशी, ग्रंथपालांची सिलिप. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी आपलं विद्यापीठ 'टेक्निशियन कमिटमेंट' या तंत्रज्ञांना पाठबळ देण्याच्या उपक्रमात आहे का ते बघावं. असेल तर सायन्स कौन्सिलची व्यावसायिक नोंदणी करायला सहसा मदत मिळते.

निघण्याआधी महाविद्यालयातून एवढं घ्या: लिएन (जुन्या पदावर परतण्याचा हक्क) किंवा रजेचा लेखी आदेश, लेटरहेडवर इंग्रजीत अनुभवपत्र (शिकवलेले विषय, पातळी, तासिका आणि वर्गातली विद्यार्थिसंख्या यांसह), तुम्ही बदललेल्या अभ्यासक्रमाच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रती, आणि विद्यार्थी अभिप्रायाचे अहवाल. प्राचार्य निवृत्त झाले की ही कागदपत्रं मिळवायला फार हेलपाटे पडतात. पाठिंब्याची पत्रं लिहू शकणाऱ्या दोन सहकाऱ्यांशीही आत्ताच बोलून ठेवा.