धनुष्याच्या पाठीला चीर गेलीये, सुताराकडून भरून घेऊ का?

नका घेऊ. सुतार कितीही ओळखीचा असू दे, धनुष्य त्याच्या हातात देऊ नका. तुम्ही लिहिलंय की हाताने बनवलेल्या लाकडी धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे ओढताना समोर, निशाणाकडे असते त्या बाजूवर, चीर गेलीये आणि सुतार म्हणतोय भुसा-फेविकॉल भरून घासून देतो, कळणारसुद्धा नाही. कळणार नाही हे खरं आहे, पण ओढल्यावर तिथूनच मोडेल, आणि मोडतं तेव्हा ते तुमच्या तोंडासमोर असतं.

आमच्या घरात हेच झालं म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. नाशिकजवळ पेठकडे ओळखीच्या एका बाबांच्या बांधावर वादळात धामणीचं झाड पडलं होतं, त्यातला एक सरळ ओंडका त्यांनी मला दिला. धामण म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात ते चिवट लाकूड. बाबांनी करवत लावू दिली नाही, पाचरी ठोकून उभा फोडला, कारण फोडलं की लाकूड आपल्या रेघेनेच फुटतं, करवत रेघ बघत नाही. दोन फाळ्या निघाल्या, टोकांना ऑइलपेंट फासून माळ्यावर सुकत टाकल्या आणि नीट सुकल्यावर एकीची पाठ काढायला घेतली. साल आणि वरचं कच्चं काढायचं, मग वर्षाचं एकच वलय धरायचं आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवायचं, वलय वर गेलं की पाठ वर, खाली गेलं की पाठ खाली. मुठीच्या वीतभर वर एक गाठ होती, तिथे वलय फुगून गाठीवरून जात होतं. मी फुटक्या काचेने खरवडत खरवडत तो उंचवटा तसाच ठेवला होता, दिसायला ओबडधोबड, पण एकही तंतू तुटलेला नव्हता.

मी फर्स्ट शिफ्टला अंबडला गेलेलो आणि घरी आमचे थोरले काका आले. उभं आयुष्य फर्निचर केलेला माणूस, त्यांनी ती फाळी बघितली आणि पोराचं काम सोपं करावं म्हणून रंधा मारून पाठ सपाट करून टाकली. दुपारी आलो तर आई म्हणते बघ काकांनी किती छान करून दिलंय. गाठीवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत, आणि वलयांच्या कडा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या एकात एक दिसत होत्या, म्हणजे तिथले सगळे तंतू कापले गेलेले. तरी त्याच फाळीचं धनुष्य केलं, तर दोरी अर्धी ओढली तोवर बरोबर तिथूनच ढलपी उचलली. काका म्हणाले त्यात काय, भरून देतो. भुसा-फेविकॉल, क्लॅम्प, दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर, चीर शोधून सापडेना. ओढलं आणि सरळ आडवं मोडलं.

तेव्हापासून घरात कुठलंही लग्नकार्य असो, काका सगळ्यांना सांगतात की लाकूडच रद्दी होतं, सागवान घ्यायला पाहिजे होतं. अहो, त्याच ओंडक्याची दुसरी फाळी होती ना! तेच झाड, तीच सुकवणी, फक्त तिला रंधा लागू दिला नाही, आणि ते धनुष्य आजही चालतंय. लाकूड रद्दी असतं तर तेही मोडलं असतं. सागवान वाळवीला आणि ओलीला टिकतं म्हणून भारी, धनुष्याला ते गुण काय करायचेत? ओढताना पाठ ताणली जाते, पोट म्हणजे आपल्याकडची बाजू दाबली जाते, आणि ताण तंतूतून जातो. भुशाला तंतू कुठून आणणार?

आता तुमची चीर. उभी आहे की आडवी ते तुम्ही लिहिलंच नाहीये आणि सगळं त्यावरच आहे. लांबीच्या दिशेने उभी आणि कडेला बाहेर न पडणारी असेल तर बहुतेक सुकतानाची असते, पातळ फेविक्विक सोडा आणि वापरा. ढलपी उचलली असेल तर फेविक्विक खोलवर जाऊ द्या, दाबून धरा, मग दोन्हीकडे इंचभर पुढे जाईल असा सुती दोरा वेढ्याला वेढा लावून गुंडाळा आणि वरून अराल्डाइट. पाठीवर आडवी चीर असेल तर ते धनुष्य संपलं. पोटाला बारीक आडव्या सुरकुत्या असतील तर तिथे वाक जास्त पडतोय, त्या जागेला हात न लावता बाकीच्या भागात पोटाकडून लाकूड कमी करायचं, तेही काचेने, कारण ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, जाडी १० टक्के कमी केली की ताठपणा २७ टक्के जातो. रंधा एका फटक्यात किती घेतो हे सुतारांना सांगायला नको.

नवीनच करायचं तर आधी बांबूचं करा. सालीकडची बाजू म्हणजे तयार पाठ, सगळ्यात दाट तंतू तिथेच, तासायचं ते फक्त आतून. तीन वर्षांच्या पुढचा, पावसाळा संपल्यावर तोडलेला मागा, कोवळ्याला भुंगा लागतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडे ओळख काढा, वखारीत जाऊ नका. भिल्लांच्या कामठ्याला, म्हणजे धनुष्याला, तर दोरीसुद्धा बांबूच्याच पातीची असते. आणि बांबूला कोणी खेळणं म्हणालं तर सांगा की आपल्याकडे तिरंदाजीच्या स्पर्धांमधला इंडियन राउंड हा प्रकार ३० आणि ५० मीटरवर असल्याच धनुष्यांनी खेळतात.

सगळेच सुतार असे असतात असं नाही, माझ्या धनुष्याची मूठ एका सुतारानेच सुंदर कोरून दिलीये, फक्त पाठीला हात लावू देऊ नका. जंगलातून काही तोडून आणू नका, शेतातल्या झाडालाही परवानगीचं विचारून घ्या. आणि आपल्याकडे जुलैत लाकूड ओल धरतं आणि वाकलेलं राहतं, मेमध्ये फार कोरडं होऊन ठिसूळ होतं, त्यामुळे दुरुस्त केलेलं धनुष्य दिवाळीनंतरच ओढायला घ्या. पहिल्यांदा हातात धरून ओढू नका, मूठ भिंतीवरच्या खुंटीला टेकवा, धनुष्याच्या दोरीला दुसरा दोर अडकवून तो कप्पीवरून घ्या आणि लांब उभं राहून ओढा. टिक असा आवाज आला तर दोरी सावकाश परत न्या, एकदम सोडू नका, बाणाशिवाय सुटलेल्या दोरीने धडधाकट धनुष्यसुद्धा मोडतं.